बंदी संपत आली आणि तलफ वाढली

पत्र : माझे यजमान २९ वर्षांचे, ट्रॉलरवर खलाशी आहेत. गेले दोन हंगाम रात्री जाळं ओढताना झोप येऊ नये म्हणून बोटीवरच्या दोघांच्या नादाने ‘एमडी’ घ्यायला लागले, नाकातून. सोबत दारू. मला एप्रिलमध्ये कळलं. १ जूनला मासेमारी बंद झाली, बोट शाकारली, तेव्हापासून घेतलेली नाही असं ते शपथेवर सांगतात. दारू मात्र आठवड्यातून दोनदा होते. पहिला आठवडा नुसते झोपले आणि जेवले. मग तीन आठवडे गप्प गप्प. जुलै लागल्यावर जरा माणसात आले, आणि आता उलटच म्हणतात, “जूनपेक्षा आता जास्त आठवण येते.” परवा जेट्टीवर बर्फ फोडायचं यंत्र चालू करून बघत होते, तो आवाज ऐकून ह्यांच्या तळहाताला घाम सुटला. ऑनलाइन मागवलेल्या किटवर लघवी तपासली, तिच्यात काही आलं नाही. सासूबाई म्हणतात, सासरे दारूने गेले, हे रक्तातच आहे. मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला, त्यात सांगितलं की नशेने डीएनए बदलतो आणि पुढच्या पिढीत उतरतो. मला पाचवा महिना आहे. डोपामाईन वाढतं म्हणून दीर खाजकुइलीच्या बियांची पूड आणून देणार आहेत. १ ऑगस्टला बोट सुटणार, मालकाकडून ४० हजारांची उचल घेतलेली आहे. पाठवू की नको? आणि हे खरं बोलतायत का?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर :

ताई, ज्याला बोटीवर परत जाऊन गुपचूप घ्यायची आहे तो माणूस “आता काही वाटत नाही” असं सांगतो. “जूनपेक्षा जास्त आठवण येते” हे बायकोला सांगायला धीर लागतो. ते म्हणतात तसंच होत असणार, कारण उत्तेजक नशेत तलफ अशाच क्रमाने वाढते. आणि म्हणूनच दुसरं उत्तरही आत्ताच देऊन टाकतो : १ ऑगस्टला त्या बोटीवर त्यांना पाठवू नका. उचलीचं काय करायचं ते पुढे सांगतो, पण आधी हे का होतं ते समजून घ्या. ते समजलं की घरातली निम्मी भांडणं थांबतील.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. मेंदूच्या खालच्या भागात मधोमध डोपामाईन बनवणाऱ्या पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्याचे तंतू पुढे ‘न्यूक्लियस अक्युम्बन्स’ नावाच्या भागात जातात. काही हवंसं घडलं की तिथे डोपामाईन सुटतं आणि काम झालं की पेशीच्या भिंतीतले वाहक ते परत आत ओढून घेतात. कोकेन या वाहकांचं तोंड बुजवतं. मेथ (मेथॲम्फेटामाईन) आणि एमडी त्याहून पुढे जातात. ते वाहकातून पेशीच्या आत शिरतात आणि त्याला उलटं चालवतात, त्यामुळे आत ओढणारा वाहकच डोपामाईन बाहेर फेकायला लागतो. उंदरांच्या मेंदूत मोजलं तर चवदार खाण्याने ही पातळी दीडपटीच्या आसपास जाते, ॲम्फेटामाईनने दहापटीच्या घरात. एमडी डोपामाईनबरोबर सेरोटोनिनही बाहेर काढते. तिचा अंमल दोनतीन तासांत ओसरतो, म्हणून एका रात्रीत तिसरी, चौथी ओळ ओढली जाते.

डोपामाईन म्हणजे आनंद, असं सगळीकडे सांगतात. ते अर्धवट आहे. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग १९९० च्या दशकात गाजले. माकडाला फळाचा रस मिळाला की आधी या पेशी रसाच्या थेंबाला पेटायच्या. रसाआधी दिवा लागतो हे माकडाला कळल्यावर त्या दिव्यालाच पेटायला लागल्या, रस आल्यावर गप्प. दिवा लागला आणि रस आलाच नाही, तर त्या वेळेला पेशींचा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला. डोपामाईन मेंदूला शिकवतं की कुठली खूण पुढच्या लाभाची आहे. जाणता तांडेल विंचवर ताण कसा येतोय ते पाहूनच जाळ्यात काय आलंय ते ओळखतो. हे ओळखणं त्याच यंत्रणेचं काम.

आता एमडी. रस मिळायचाच हे ठरलं की माकडाच्या पेशी रसाला गप्प होतात, पण इथे पेशी गप्प होऊच शकत नाहीत, कारण पूड स्वतःच डोपामाईन ओतते. दर वेळी मेंदूला सांगितलं जातं, ‘अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं, खूण आणखी पक्की कर.’ दोन हंगाम, शेकडो रात्री. मग खुणा कुठल्या? डिझेलचा वास, डेकवरचा पिवळा दिवा, बर्फ फुटण्याचा खडखडाट, त्या दोघांपैकी एकाची हाक. तळहाताला आलेला घाम ह्यांनी ठरवून आणलेला नाही. विचार सुरू व्हायच्या आधी मेंदूने खूण ओळखलेली असते. १९९३ मध्ये रॉबिन्सन आणि बेरिज या दोन संशोधकांनी हे स्पष्ट मांडलं की व्यसनात ‘हवं’ वाटणं वाढत जातं आणि ‘आवडणं’ मात्र कमीच होत जातं. बरेच जण सांगतात, शेवटी मजा येत नव्हती, तरी हात जायचा. ते पटत नाही, पण खरं असतं.

मग बंद करून दोन महिने होत आले तरी तलफ का वाढते? इथे तुमच्या व्हिडिओतला डीएनए येतो.

एका पेशीत डीएनएचा सुमारे दोन मीटर लांब धागा असतो. तो ‘हिस्टोन’ नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, एका रिळावर डीएनएची १४७ अक्षरं (मूळ घटकांच्या जोड्या), पावणेदोन वेढ्यांच्या आसपास. पावसाळ्यात पडवीत घडी घालून बांधून ठेवलेलं जाळं डोळ्यांसमोर आणा. जाळं तेच, गाठी त्याच, आस (जाळ्याची छिद्रं) त्याच. पण बांधलेला भाग मासा धरत नाही, सोडलेला भाग धरतो. हिस्टोनवर ॲसिटिल गट चिकटले की तिथली घडी सैल होते आणि त्या जागेचं जनुक वाचता येतं. मिथिल गट बहुतेक ठिकाणी घडी घट्ट करतात. या सगळ्या खुणांना एपिजेनेटिक म्हणतात. अक्षर एकही बदलत नाही. व्हिडिओतलं “डीएनए बदलतो” हे वाक्य इथेच चुकतं.

उत्तेजक नशा या घड्यांवर काम करते हे अमेरिकेतल्या एरिक नेस्लर यांच्या गटाने आणि इतरांनी उंदरांवर बारकाईने दाखवलंय. बहुतेक काम कोकेनवर झालं, पण एमडी त्याच डोपामाईनच्या वाटेने काम करते. नशेच्या पहिल्या वेळी पेशीत ‘फॉस’ जातीची प्रथिनं येतात आणि काही तासांत विरून जातात. रोजच्या नशेत त्यांचा एक आखूड प्रकार साठायला लागतो, डेल्टा-फॉस-बी. त्याची शेपटी कापलेली असल्याने पेशीची साफसफाई त्याला सहज पकडत नाही, आणि तो आठवडेच्या आठवडे टिकतो. तो काही जनुकांची घडी सोडतो, काहींची आवळतो. घडी आवळणारं ‘जी-९-ए’ नावाचं एक एन्झाइम कोकेनने कमी होतं, हे २०१० मध्ये दिसलं. ते कमी झालं की बंद राहायला हवी ती जनुकं उघडी राहतात, पेशींच्या फांद्यांवर नवे काटे फुटतात, जोडण्या वाढतात. नशा थांबते तेव्हा ही बांधणी एका रात्रीत मोडत नाही.

आणि पुढचा भाग तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. २००१ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कोकेनची सवय लावून ते बंद केलं, आणि पहिल्या दिवसापासून साठाव्या दिवसापर्यंत वेगवेगळ्या टप्प्यांवर त्यांना जुनी खूण दाखवली. पहिल्या दिवसापेक्षा महिन्याने, आणि त्याहून साठाव्या दिवशी, ते कळ जास्त दाबत होते. पुढे कळलं की बंद केल्यावर महिनाभराने अक्युम्बन्समधल्या पेशींवर ग्लुटामेट या रसायनाचे वेगळ्या घडणीचे, जास्त जोरकस ग्राहक (रसायनाचा निरोप झेलणाऱ्या जागा) येऊन बसतात. खूण तीच, पण आता तिचा दणका मोठा. सहा महिन्यांच्या सुमाराला ही चढण उतरणीला लागलेली दिसली. माणसांतही, खूण दिसल्यावर येणारी तलफ पहिल्या काही महिन्यांत वाढून मग उतरते, असं दिसलेलं आहे.

आता कॅलेंडर बघा. पश्चिम किनाऱ्यावरची बंदी १ जून ते ३१ जुलै, एकूण ६१ दिवस. म्हणजे तलफ चढणीवर असताना त्यांना नेमक्या त्याच डेकवर, त्याच दोघांमध्ये, त्याच रात्रपाळीत परत उभं करायचं. दोन महिने सुटली म्हणजे बरे झाले, असा हिशेब घरोघरी केला जातो आणि पहिल्या फेरीतच तो चुकतो. मग सगळे म्हणतात, “ह्याला सुटायचंच नव्हतं.” असं म्हणणं फार अन्यायाचं आहे.

ग्राहक आणि वाहक भरून येतात, पण सावकाश. मेथ घेणाऱ्यांच्या मेंदूची चित्रं नोरा व्होल्को यांच्या गटाने २००१ मध्ये मांडली. बारा ते सतरा महिने दूर राहिलेल्या माणसांत डोपामाईनचे वाहक पुन्हा वाढलेले दिसले. माणसं पाचच होती, आणि स्मरणाच्या, हालचालींच्या चाचण्या सगळ्या पूर्ववत आल्या नव्हत्या, तरी दिशा स्पष्ट होती. वर्ष धरून चला.

तुमच्या किटबद्दल. दुकानात मिळणाऱ्या साध्या पट्टीवर ‘ॲम्फेटामाईन’ किंवा ‘मेथ’ लिहिलेलं असतं. मेफेड्रोन कॅथिनोन वर्गातलं आहे, ती पट्टी ते बहुतेक वेळा पकडतच नाही. म्हणजे काही न आल्याने तुम्हाला काही कळलं नाही. उलटही होतं. सर्दीच्या काही गोळ्या आणि ब्युप्रोपिऑन हे औषध घेतलं तर ॲम्फेटामाईनची पट्टी उगाच ‘घेतली आहे’ असं दाखवू शकते. नवं किट घेताना पाकिटावर ‘मेफेड्रोन’ हा शब्दच शोधा. शंका आली तर प्रयोगशाळेत ‘सिंथेटिक कॅथिनोन’ची तपासणी होते का विचारा. लघवीत खूण साधारण दोनतीन दिवस टिकते.

बाळाचं. तुमच्या पोटातल्या बाळाला वडिलांच्या नशेमुळे ‘व्यसनाचा डीएनए’ मिळालेला नाही. वडिलांच्या शुक्रपेशी घडताना आणि पुन्हा गर्भ राहिल्यावर लगेच, अशा दोन वेळा या खुणा मोठ्या प्रमाणावर पुसल्या जातात. काही थोड्या उरतात, हे खरं. पण त्यांनी काय होतं हे व्हिडिओवाल्यांनी सोयीने सांगितलेलं नाही. २०१३ च्या एका प्रयोगात नर उंदरांना दोन महिने कोकेन दिलं, त्यांच्या मुलग्यांनी ते इतरांपेक्षा कमी मागितलं. मुलींमध्ये फरक दिसला नाही. उंदराचं माणसाला लावायचं नाही, पण “पुढची पिढी वाया गेली” असं सरसकट म्हणायला आधार नाही हे एवढ्यावरूनही कळतं. सासूबाई म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे. जुळ्यांच्या अभ्यासात व्यसनाच्या धोक्याचा साधारण निम्मा भाग अनुवंशाचा येतो. धोका वाढतो, विधिलिखित नसतं. आणि उरलेला निम्मा भाग म्हणजे घर, सोबत, हाताशी काय मिळतं, वय कोणतं. ते तुमच्या हातात बरंच आहे. सासूबाईंनी हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारणं मात्र थांबवावं. “रक्तातच आहे” असं रोज ऐकणारा माणूस प्रयत्न कशाला करेल?

खाजकुइलीची पूड आणू नका. बियांत खरंच लेव्होडोपा असतं, भारतातल्याच संशोधकांनी १९३७ मध्ये ते वेगळं करून दाखवलं, आणि कंपवातासाठी लेव्होडोपाच दिलं जातं. पण तुमच्या घरात अडचण डोपामाईनच्या साठ्याची नाही, ते कशाला आणि केव्हा सुटतं याची आहे. पुडीत किती लेव्होडोपा आहे हे झाडागणिक बदलतं. मळमळ, रक्तदाब उतरणं, आणि ज्याला नशेत भास किंवा संशय झाले असतील त्याला ते परत येणं, एवढं होऊ शकतं. दिराला राग येणार असेल तर सांगा, डॉक्टरांनी लिहून दिलं तर आणू.

आता डॉक्टर. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जा, याच आठवड्यात. बाहेरच्या पाटीवरचा ‘मनोरुग्णालय’ हा शब्द वाचून ते मागे वळतील, म्हणून घरूनच सांगून न्या की झोप आणि तलफ यासाठी जातोय. कागदावर आधी लिहा : काय घेत होते, नाकातून की आणखी कशातून, एका रात्री किती वेळा, शेवटची तारीख, दारू किती आणि कधी, तंबाखू किंवा गुटखा, कधी छातीत दुखलं का, कधी कोणी मागे लागल्यासारखं किंवा आवाज ऐकल्यासारखं झालं का, जिवाचं बरंवाईट करायचा विचार आला का. शेवटचा प्रश्न विचारायला कचरू नका. जूनमधले ते गप्प आठवडे नैराश्याचे असावेत, आणि तलफेच्या काळात ते परत येऊ शकतात. ईसीजी, रक्तदाब मागून घ्या. एकच नळी किंवा गुंडाळलेली नोट दोघातिघांनी नाकाला लावली असेल तर हिपॅटायटिस ‘सी’ची तपासणीही करा, नाकाच्या आतल्या बारीक जखमांतून रक्त त्या नळीला लागतं.

औषध विचारलंत तर उत्तेजक नशेवर खास मान्यता मिळालेलं औषध अजून नाही. २०२१ मध्ये मेथच्या रुग्णांवर नाल्ट्रेक्सोनची इंजेक्शनं आणि ब्युप्रोपिऑन एकत्र देऊन पाहिली. १३.६ टक्क्यांना फायदा झाला, नुसत्या दिखाऊ औषधावर २.५ टक्क्यांना. फायदा खरा, पण थोड्यांना. ब्युप्रोपिऑनने फिट येण्याचा धोका वाढतो, दारू चालू असेल तर जास्त, म्हणून दारूचं डॉक्टरांपासून लपवू नका. दारू थांबवणं तसंही आवश्यक आहे. दोन पेग झाले की ‘एकदाच’ म्हणणाऱ्या मनाला आवरणारा मेंदूचा लगाम सुटतो. आठवड्यातून दोनदाची दारू अचानक सोडली तरी चालेल. पण ती खरं तर रोजची असेल, हात थरथरत असतील, तर स्वतःहून एकदम तोडू नका. दारू तोडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट किंवा भ्रम होऊ शकतो.

या नशांवर आजवर तपासलेल्या उपायांत सगळ्यात चांगला पुरावा बक्षिसाच्या पद्धतीला आहे. ऐकायला पोरकट वाटते, पण ती त्याच डोपामाईनच्या शिकण्यावर चालते, म्हणून बक्षीस लगेच मिळायला हवं. “सहा महिने नीट राहिलास तर बाइक” याचा मेंदूच्या त्या भागाला काही उपयोग नाही. बारा आठवडे, सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी तपासणी, मेफेड्रोनच्या पट्टीवर. पहिल्या ‘नाही’ला ५० रुपये, पुढच्या प्रत्येकाला पाच रुपये वाढ. छत्तिसाव्याला २२५ येतात, एकूण खर्च ४,९५०, पट्टीचा वेगळा. रोख देऊ नका. रिचार्ज, किराणा, त्यांना आवडणारी मासळी, जे त्यांनी आधी निवडलं असेल ते, त्याच तासाभरात. तपासणी चुकली किंवा पट्टीवर आली, तर ओरडायचं नाही, पुन्हा ५० पासून, आणि सलग तीन वेळा ‘नाही’ आली की होते त्याच पायरीवर परत. हे तुम्ही करू नका. मामा, थोरला भाऊ, विश्वासातला कोणी पुरुष, ज्याच्यासमोर ते लघवीची बाटली भरू शकतील. बाटली हाताला कोमट लागली पाहिजे, गार असली तर ती आधीची असते. तुम्ही बायको आहात, पोलीस होऊ नका. नवरा-बायकोत तपासणी आली की दोन आठवड्यांत ती मोडते.

बोट. मालकाशी बोलायला ह्यांना एकट्याला पाठवू नका, उधारी आणि लाज एकत्र आली की माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो. वडीलधारा कोणी बरोबर घ्या आणि सरळ सांगा, तब्येतीमुळे हा हंगाम बोटीवर नाही, ४० हजार महिना पाच हजारांनी आठ हप्त्यांत. कागदावर दोघांच्या सह्या. डागिने मोडून एकदम फेडायची घाई नको, बाळंतपण तोंडावर आहे. कामाशिवाय मात्र बसवू नका, रिकामा दिवस फार लांब असतो. ज्याच्यात नशेचा कोणी नाही अशा नातेवाइकाची लहान होडी असेल, सकाळी जाऊन दुपारी परत येणारी, ती चालेल. हापूसच्या बागेतलं खत-छाटणीचं काम, इंजिन दुरुस्तीचं काम, घरी जाळी विणणं-सांधणंही. जेट्टीपासून लांब जे असेल ते आधी. समुद्रावर परत जाऊच नये असं आम्ही म्हणत नाही. निदान हा हंगाम, आणि परत जातील तेव्हा दुसरी बोट, दुसरी माणसं.

खुणा तोडायच्या त्या बारीकसारीक असतात. मोबाईलचा नंबर बदला, त्या दोघांचे आणि पुडी देणाऱ्याचे नंबर काढून टाका. यूपीआयची रोजची मर्यादा कमी करून घ्या, म्हणजे रात्री अकरा वाजता हजार रुपये जाणार नाहीत. ज्या शर्टाच्या खिशात पुडी असायची तो शर्ट, ते पाकीट घरात ठेवू नका. आणि बर्फाच्या यंत्राची वाट काही महिने टाळा, दुसऱ्या आळीने फिरा. तलफेची लाट सहसा पंधरा-तीस मिनिटं टिकते. त्या वेळेसाठी आधी ठरवलेलं एकच वाक्य हवं, “आता आलीय,” एवढंच, आणि तुम्ही विचारपूस न करता जागा बदलायची, काहीतरी खायला द्यायचं, मामाला फोन लावायचा. उठायची वेळ रोज एकच. झोप मोडलेल्या दिवशी तलफ जोर करते.

गणपतीची आत्तापासून तयारी ठेवा. मुंबईचे चाकरमानी येतील, त्यात जुने मित्रही असतील, जागरणं होतील, दारू निघेल, आणि ते दिवस नेमके चढणीच्या काळातले असतील. आरतीनंतर रात्री घरी कोण त्यांच्याबरोबर थांबणार हे माणसाच्या नावासकट ठरवा. भजनाला बसवायचं असेल तर अवश्य बसवा, फक्त ते संपल्यावर मागच्या पडवीत कोण जमतं ते बघा.

एकदा घसरलेच, तर? होऊ शकतं. तेव्हा पहिल्या दिवसात एवढंच करा. दुसरी वेळ त्याच दिवशी होऊ देऊ नका, रात्री एकटं सोडू नका, दुसऱ्या दिवशी ओपीडी. “सगळं पाण्यात गेलं” हे वाक्य दोघांनीही बोलायचं नाही, कारण त्या वाक्यानंतर चार दिवसांची मैफल होते. इतक्या दिवसांच्या खंडानंतर पूर्वीएवढीच ओढली तर हृदयावर आणि रक्तदाबावर ताण जास्त येतो. छातीत दुखणं, अंग भट्टीसारखं तापणं, फिट, शुद्ध हरपणं, अशी कुठलीही खूण दिसली की १०८. मरायच्या गोष्टी बोलले तर १४४१६, टेली-मानस, कुठल्याही वेळी. नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६.

कायद्याची भीती असेल म्हणून सांगतो. मेफेड्रोन २०१५ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. त्याच कायद्याच्या ६४-अ कलमाखाली, नशा केल्याच्या किंवा थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस सरकारमान्य रुग्णालयात स्वेच्छेने उपचार पूर्ण घेत असेल तर त्याला खटल्यापासून सूट मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ती काढूनही घेता येते. म्हणून केसपेपर जपून ठेवा. पुडी मात्र घरात ‘पुरावा’ म्हणून ठेवू नका. काही विचारायचं असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलेला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आणि कोणी “व्यसनमुक्ती केंद्राची गाडी येऊन धरून नेईल” असं सुचवलं तर नाही म्हणा. कुठल्याही केंद्राला आधी नोंदणी क्रमांक, आणि डॉक्टर रोज असतात का, हे विचारा. साखळीने बांधणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद आहे.

राहिलं तुमचं. ते संशयाने बोलायला लागले, दार-खिडक्या तपासायला लागले, तीन रात्री झोपले नाहीत, तर समजावत बसू नका. माहेरी किंवा शेजारी जा, ११२ लावा. तुमची तपासणीची फाईल आणि कपड्यांची एक पिशवी शेजारच्या काकूंकडे आत्ताच ठेवून द्या. प्रसूतीच्या डॉक्टरांनाही घरची परिस्थिती सांगा, पुढच्या भेटीला रक्तदाब बघतील तेव्हाच.

मालकाकडे जायचं ते जुलै संपायच्या आत, बोट रंगवून पाण्यात उतरायच्या आधी. उतरल्यावर खलाशी शोधायला वेळ राहत नाही, आणि मग तो दार वाजवत राहतो.